मिस्तरींचा ‘हो’

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्तरींच्या हातात कुणी कधी पेन पाहिलं नव्हतं. दुकानाच्या फळ्यांवर सारखीच दिसणारी काळी मशिनं दाटीवाटीनं बसलेली; कशालाही ना चिठ्ठी, ना खूण. “अहो, निदान नाव तरी चिकटवा,” असं गिऱ्हाईक म्हणालं, की मिस्तरी कपाळावर बोट आपटत. “सगळं इथं आहे. डोक्यात!” आणि खरंच, एकाचं मशीन दुसऱ्याला गेलं असं कधी झालं नव्हतं. बायको कुरकुरली तर उत्तर ठरलेलं. “शुभ बोल जरा! मी काय कुठं निघालोय का?”

ते कुठं निघाले नाहीत हे खरं. पण एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला, उजवं अंग लुळं पडलं आणि मिस्तरी दुकानामागच्या खोलीत खाटेला खिळले. वाचा गेली. उरला एकच शब्द, ‘हो’. “त्यांना कळतं सगळं, पण तोंडातून एवढंच निघतं,” डॉक्टरांनी बजावलं होतं. मिस्तरीणबाईंनी मान डोलावली, पण त्यांच्या ते पचनी पडलं नाही. संसारभर ‘नाही’ ऐकत आलेल्या बाईला ‘हो’ खोटा कसा वाटावा!

दुकान बंद ठेवलं तरी गिऱ्हाइकं थोडीच थांबतात? एक गृहस्थ घाईघाईनं आले. “बहिणीचं मशीन दुरुस्तीला दिलं होतं. काळं, पायानं चालवायचं. ती परगावी असते, गाडी उभी आहे.” पायाचं स्टँड प्रत्येकाच्या घरीच असे, दुकानात यायचा फक्त वरचा भाग. बाईंनी दुरुस्त झालेलं एक मशीन कसंबसं उचलून खाटेपाशी नेलं.

“यांचं हेच ना हो?”

“हो! हो!” मिस्तरी डाव्या हातानं खाटेची कड बडवू लागले. चेहरा लालबुंद झाला. बाईंना वाटलं, उशीर होतोय म्हणून चिडलेत. तापट स्वभाव काय आजचा होता? “देते, देते, ओरडू नका,” असं म्हणत त्यांनी मशीन देऊनही टाकलं.

दोन दिवसांनी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मावशी आल्या. शाळा उघडायच्या तोंडावर कापडाचे गठ्ठे घरी येऊन पडले होते. एकटी बाई, आणि पोट त्या एका मशिनावर. बाईंनी पुढं केलेल्या मशिनाचं चाक त्यांनी हातानं फिरवून पाहिलं, मग फळ्यांवरची बाकीचीही पाहिली, पण अर्धी मशिनं खोलून ठेवलेली; त्यांवरून ओळख पटेना.

“वहिनी, हे तर माझं नव्हेच.”

मदतीला आलेली लेक वडिलांकडे धावली. “बाबा, त्या माणसाला आईनं मावशींचं मशीन दिलं?”

“हो.”

“की मावशींचं इथंच आहे?”

“हो.” मिस्तरींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. खरं काय ते त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि नेमकं त्यालाच सांगता येत नव्हतं!

त्या गृहस्थांचं नाव कुणी विचारलं नव्हतं. गाव ठाऊक नव्हतं. बाईंनी मावशींचे हात धरले. “मावशी, माझ्या हातून पाप घडलं हो!”

मावशींनी डोळे पुसले. “तुमची काय चूक, वहिनी? आणि नेणाऱ्याची तरी काय? मिस्तरींचं डोकं सोन्यासारखं, पण म्हणून सगळं त्यातच कोंडून ठेवायचं? जरा निरवानिरव करा म्हटलं, की आपण अंगावर पाल पडल्यासारखे दचकतो. अहो, निरवानिरव म्हणजे मरणाची तयारी नव्हे. मागच्या माणसाला अंधारात चाचपडायला लागू नये, एवढंच!”

बाईंना एकदम आठवलं. घराचे कागद कुठं असतात, असं लेकीनं मागं सहज विचारलं होतं. तेव्हा आपण काय म्हणालो? ‘आत्तापासूनच वाटणी हवीय का तुला?’ पोर त्यानंतर कित्येक दिवस फोनवर मोजकंच बोलायची. अरेरे! नवऱ्याला नावं ठेवता ठेवता आपणही तेच करत आलो!

त्या उठल्या. अमुक माणसाचंच, असं छातीठोकपणे सांगता येईल असं मशीन त्या दुकानात एकच होतं, त्यांचं स्वतःचं. ते त्यांनी मावशींच्या पुढ्यात ठेवलं. “तुमचं सापडेपर्यंत हे न्या.”

“सापडलं नाही तर?”

बाईंनी मशीन त्यांच्याकडे आणखी पुढं सरकवलं. मावशींनी मशीन नेलं, पण चाकावर हात ठेवताना त्यांचा चेहरा परक्या घरात जेवायला बसल्यासारखाच होता.

मावशी गेल्यावर बाईंनी लेकीला खाटेपाशी बसवलं. घराचे कागद पेटीत रजईच्या घडीत आहेत. बँकेत वारस म्हणून अजून सासूबाईंचंच नाव आहे, त्या जाऊन किती वर्षं झाली. बोलता बोलता त्या अडखळत होत्या. कितीतरी गोष्टी त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हत्या. त्या तेवढ्या मिस्तरींना माहीत होत्या.

“बाबा, बाकीचं राहिलंच ना हो?” लेकीनं हळूच विचारलं.

“हो,” मिस्तरी म्हणाले. या वेळी तो शब्द बरोबर होता, पण त्याचा उपयोग काय!

मंडळी, आपल्या माणसांना सांगायचं ते हसतखेळत, धडधाकट असताना सांगून ठेवा. त्यात अभद्र काही नाही. जे नुसतं डोक्यात ठेवलं, ते आपल्याबरोबर जातं, आणि कधी कधी तर आपल्या आधीच जातं.