शेवयांची तापी

आमचे सासरे लोटन नाना सोनगीरला पोथी वाचण्यात एक नंबर. श्रावणात त्यांनी पोथी उघडली की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून येत. म्हणून माझ्या नणंदेचं, लताचं, बी.ए.चं भूगोलाचं पुस्तक टेपवर वाचून द्यायचं ठरलं, तेव्हा ते काम आपसूक नानांकडे गेलं. लताचे डोळे लहानपणी गोवरात गेलेले. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं टपालाने यायची, पण ती वाचून कोण दाखवणार? शाळेत बसून शिकण्याचं वय तर निघून गेलेलं.

नानांनी भूगोल पोथीसारखाच वाचला. पाठ संपला की घंटी वाजवायची, आणि चित्र आलं की पोथीतल्या देवाच्या चित्राला करतात तसंच करायचं. कॅसेट लावली की आवाज यायचा, "आठे चित्र शे. हात जोडा, पुढे चला."

माझं हसून हसून पोट दुखलं. लता मात्र हसली नाही.

"नाना, चित्रमा काय शे?"

"वाकड्यातिकड्या रेघा शेत, बेटा. तुले काय करनं शे?"

त्या वाकड्यातिकड्या रेघा म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा. त्याच्यापायी पोरगी पहिल्या वर्षी भूगोलात नापास झाली. आमचे हे, अभिमन, म्हणजे लताचे थोरले भाऊ. मनाने वाईट नाहीत, पण धीर कमी. म्हणाले, आता आणखी एकदा नापास झाली तर पुस्तकं बंद. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? लता त्या दिवशी जेवली नाही.

मी तिला घेऊन धुळ्याला अभ्यासकेंद्रावर गेले. तिथले शालिग्राम सर फार गोड बोलले. "दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी नकाशाचा प्रश्न सोडून द्यावा. कोणी काही म्हणणार नाही."

"म्हणणार नाही, सर, पण गुण कोण देणार?" लता म्हणाली.

सरांनी चहा मागवला. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि मला म्हणाली, "वहिनी, बठ्ठासले जे भेटस ते माले बी पाह्यजे." सगळ्यांना मिळतं ते तिलाही हवं, एवढंच. मला भडभडून आलं आणि रागही आला. नकाशा काय देवाने बनवलाय का? माणसांनीच काढलाय ना?

तेव्हा वैशाख सुरू होता आणि आमच्या अंगणात शेवयांचा घाट घातलेला होता. बाजेवर शेवया वाळत होत्या. त्यांच्यावरून लताचा हात फिरत होता, एकही शेवई न मोडता. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात आलं.

शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आणला. भरतकामाची नक्षी मोठी करतात तशा चौकटी आखून मी नकाशा उतरवला. मग गल्लीतल्या बायका बसल्या. खळीने शेवया चिकटवून नद्या केल्या. सह्याद्रीला हरभऱ्याची डाळ, सातपुड्याला वाल, शहरांना साबुदाणा. समोर राहणारी पुष्पा, ब्लाउज शिवणारी, तिचा हात सगळ्यांत साफ. तापी तिने तिपदरी केली. लताचं बोट तापीवरून चालायला लागलं, पांझरेच्या संगमापाशी थांबलं, तिथून जरा खाली आलं आणि तिने आपण कुठे राहतो ते आयुष्यात पहिल्यांदा शोधून काढलं. नाना तिथेच उभे होते. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत राहिले.

परीक्षा तोंडावर आली आणि एके सकाळी मी कोठीचं दार उघडून किंचाळले. नकाशा उभा करून ठेवला होता, तो उंदरांनी एका बाजूने साफ केला होता. खळ, डाळ, साबुदाणा, म्हणजे त्यांना पंगतच की! मी मेल्या उंदरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पुष्पा रडायला लागली. हे म्हणाले, "झालं! आता काय?"

लता आली. तिने पुठ्ठ्यावरून हात फिरवला, नुसता खरखरीत कागद राहिला होता तिथे थांबली.

"उंदीरनी कोकण खाई टाकं," ती म्हणाली. मग बोट सरकवत, "आठे वैतरणा व्हती. आठे उल्हास. हाई सावित्री. सह्याद्री निम्मा गया." बोट वर गेलं. "तापी मातर शे."

पुठ्ठ्यावर काही नव्हतं आणि ही सगळं वाचत होती. यांनी खाली बसून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पेपरला लेखनिक म्हणून पुष्पाच गेली. लेखनिक कमी शिकलेला लागतो, आणि ती सातवी पास. नकाशाचा प्रश्न आला. सह्याद्री दाखवा, सावित्री नदी दाखवा. पुष्पाने पेन्सिल घेतली आणि घाबरून गोठली, छापलेला नकाशा केवढासा, आपला तर पाटाएवढा. लताने कागदाच्या चारी कडा चाचपल्या आणि म्हणाली, "पुष्पा, जठे उंदीरनी खादं, तठून सुरू कर." मग पुढे शांतपणे, कुठून निघून कुठे वळायचं, ते सगळं सांगितलं. पर्यवेक्षक म्हणे दोनदा येऊन बघून गेले, कसले उंदीर म्हणून.

लता पास झाली. नकाशाचे गुण पूर्ण.

शालिग्राम सर स्वतः पेढे घेऊन आले. पिंपळनेरला अशीच एक मुलगी आहे, तिने नाव घातलंय, म्हणाले. मीच म्हटलं, तिलाही नकाशा करून देऊ.

ह्या वेळी खळीत कडुनिंबाचा पाला वाटून घातला. लता पाटावर बसून एकेक नदी तपासत होती आणि आम्हाला पुन्हा करायला लावत होती. "तापी बारीक व्हई गई, वहिनी. नदी शे ती, दोरा नही."

आतल्या खोलीत नाना त्या मुलीसाठी नवी कॅसेट भरत होते. दारातून आवाज येत होता, तोच पोथीचा सूर. पान उलटलं, नाना थांबले.

"आठे चित्र शे, बेटा," ते म्हणाले. "हात लाव."