सुंगटीचं कॅल्शियम

सुंगटी व्यायली त्या सकाळी सारिकाकाकीने बाजारातून मोरी आणली. बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून तारकर्लीत हा लहान शार्क मासा बिनतिखट शिजवून खाऊ घालतात. कुत्रीला तो कोणी देत नाही. पण सुंगटीला काकीने किनाऱ्यावर टाकून दिलेल्या जाळ्यातून सोडवून घरी आणलं होतं, त्यामुळे तिचं पहिलं बाळंतपण घरच्या लेकीसारखंच व्हायचं होतं. सहा पिल्लं झाली. मागच्या पडवीत गोणपाट अंथरलं गेलं, आणि काकीच्या खाणावळीत जेवायला आलेल्या पाहुण्यांच्या आधी सुंगटीचं ताट वाढलं जाऊ लागलं.

काकीची पुतणी अनुजा प्राणिशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती. तिने तिच्या परीने तयारी आधीच केली होती. पिल्लांची हाडं आईच्या पोटात घडतात, पुढे दुधातूनही कॅल्शियम जातं, तेव्हा साठा आधीच करून ठेवायला हवा, असा तिचा सरळ हिशेब होता. सुंगटीचं पोट दिसायला लागल्यापासून ती रोज भाकरीच्या तुकड्यात कॅल्शियमची गोळी दडवून देत होती. बाळंतपण झाल्यावर मात्र काकीने ते बंद पाडलं. बाळंतिणीच्या पोटात औषधं नकोत, मोरी नि भात पुरे. साठा झालाच आहे म्हणून अनुजानेही वाद घातला नाही.

पिल्लं गुबगुबीत झाली, सुंगटीच्या मात्र बरगड्या दिसू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती पिल्लांना झटकून अंगणात आली आणि तिथेच कोलमडली. पाय काठीसारखे ताठ, तोंडातून लाळ, सगळं अंग थरथरत होतं. काकीने हात लावला तर चटका बसावा इतकी तापलेली.

"मोरी शिळी असतली," अनुजा म्हणाली.

"मोरी खावन कोण मराक नाय गो. तुझ्यो गोळ्यो काय करतत ता बघ आधी."

"काकी, त्या कॅल्शियमच्या होत्या. आणि बंद करून किती दिवस झाले."

"मगे? पोटात बसान रवल्यो असतल्यो."

रिक्षावाला गंगाराम लाळ बघून मागे सरकला. कुत्री पिसाळली असेल तर आपल्याला घरी पोरंबाळं आहेत, असं त्याचं म्हणणं. तुझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीकडे बघून तुझी याहून जास्त लाळ गळत होती, असं काकीने त्याला सुनावलं, तेव्हा कुठे रिक्षा सुरू झाली. मालवणपर्यंत अनुजाने सुंगटीचं डोकं मांडीवर धरलं. पिसाळल्याची लस दिलेली होती. विषबाधा म्हणावी तर उलटी नाही. शिकलेलं एकेक आठवून ती लावून पाहत होती आणि काहीच जुळत नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लं किती, विऊन किती दिवस झाले एवढंच विचारलं आणि सुई काढली. रक्तातलं कॅल्शियम घसरलंय, म्हणाल्या.

"शक्यच नाही," अनुजा म्हणाली. "मी रोज देत होते."

"कधी? गाभण असताना?"

"हो. पोट दिसायला लागल्यापासून."

"म्हणूनच." सुंगटीच्या छातीला नळी लावून ठोके ऐकत त्या इंजेक्शन अगदी हळूहळू सोडत होत्या. "बाहेरून आयतं मिळत राहिलं की शरीर हाडातून कॅल्शियम काढायचं सोडून देतं. मग दूध सुरू झालं की एकदम ओढ लागते आणि वेळेवर काढता येत नाही."

काकी पुढे सरली. "म्हंजे मोरीन काय केला नाय?"

मोरीने बिघडवलं नव्हतं, पण नुसत्या मोरी-भातात कॅल्शियम नावालाच असतं. सहा पिल्लांच्या आईला एरवीच्या दोन-तीनपट खाणं लागतं, तेही सगळ्या प्रकारचं, असं बाईंनी समजावलं. आणि आता, दूध चालू असेपर्यंत, कॅल्शियमच्या गोळ्या द्या.

"कुठल्या?" अनुजाने विचारलं.

"तुमच्याकडे आहेत त्याच."

सुंगटीची थरथर ओसरत गेली. तिने शेपूट हलवलं तेव्हा काकीने पदराने डोळे पुसले. कोण चुकलं ते परतीच्या वाटेवर धड भांडूनही ठरलं नसतं.

एक दिवस पिल्लं आईपासून दूर ठेवायची, त्यांना भुकटीचं दूध पाजायचं, असं बाईंनी बजावलं होतं. अनुजाने पिल्लं आतल्या खोलीत घेतली आणि दार लावलं. पिल्लं केकाटू लागली. बाहेरून सुंगटी दार खरवडू लागली.

"सोड गो तिका," काकी बाहेरून म्हणाली. "आवस आसा ती पिल्लांची."

अनुजाचा हात कडीवर गेला. दार बंद ठेवणं बरोबर आहे, हे तिला कळत होतं. गोळ्या देणंही असंच कळून सवरून केलं होतं. आत्ता पिल्लं प्यायली तर सुंगटीचे पाय पुन्हा ताठ होतील. नाही प्यायली आणि ही भुकटी पिल्लांना सोसली नाही तर? बाईंनी सगळं सांगितलं होतं, तरी आपण नक्की काय समजलो याची तिला खात्री वाटेना.

तिने हात काढून घेतला. "काकी, तू तिच्याजवळ बस. दार मी उघडूचंय नाय."

बाहेर काकी जमिनीवर बसल्याचा आवाज आला.

अनुजाने सगळ्यात लहान पिल्लाला उचललं, ड्रॉपर त्याच्या तोंडाशी धरला. दूध हनुवटीवरून ओघळलं. परत धरला. यावेळी ते चोखू लागलं. तेवढ्यात खरवडणं थांबलं, आणि ती शांतता तिला जास्तच भिववू लागली.

"काकी, काय करता ती?"

"निजली," काकी म्हणाली. "श्वास बरो चलता. तू पाज."

अनुजाने दुसरं पिल्लू उचललं.