बिननंबरी शिक्का

मी एक शिक्का. लाकडी मुठीचा, रबरी तोंडाचा आणि खरं सांगायचं तर जळक्या स्वभावाचा. आता तुम्ही म्हणाल, शिक्क्याला कसला आलाय मत्सर? ऐका तर मग.

एका बोळातल्या दुकानात कारागिराने माझं रबर कापलं, मुठीला चिकटवलं, कोऱ्या कागदावर मला मारून बघितलं आणि मालकांच्या हातात ठेवलं. "घ्या साहेब, हा तुमच्या मागेही टिकेल." माझ्यावर मालकांचं नाव होतं आणि खाली 'खेळाडूंचे एजंट', बस्स.

मालकांचं काम फुटबॉलवाल्यांचं. खेळाडूच्या वतीने क्लबशी पगाराची घासाघीस करायची आणि करार झाला की त्यातला आपला वाटा घ्यायचा. वाटा किती? मालक म्हणतील तितका. बहुतेकदा दहा टक्के. खेळाडू नवखा असेल तर पंधरा, कारण नवख्याला विचारायचं सुचत नाही. एकदा तर त्यांनी खेळाडूकडूनही घेतला आणि क्लबकडूनही. दोन्ही कागदांवर मीच उमटलो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. टेबलावर उजव्या हाताला माझी जागा, माझा 'ठप्प' झाल्याशिवाय कोणी खुर्चीवरून उठत नसे. काय रुबाब होता!

मालकांचा लाडका खेळाडू म्हणजे खांब. गोलरक्षक होता, उंची बघून सगळे त्याला खांब म्हणत. सोळाव्या वर्षी आला तेव्हा पायात थोरल्या भावाचे बूट होते. मालकांनी त्याला नवे घेऊन दिले, त्याच्या आईची समजूत काढली. तेव्हापासून त्याचं एकच, "काका सांगतील तिथे सही."

मग महासंघाने नियम आणले. एजंट व्हायचं तर परीक्षा देऊन परवाना घ्या. खेळाडूच्या पगाराच्या तीन टक्क्यांवर एक पैसा घ्यायचा नाही. क्लबशी बोलणी करण्याआधी खेळाडूशी लेखी करार करा, त्यावर परवान्याच्या नंबराचा शिक्का मारा आणि तो महासंघाकडे नोंदवा. नंबर नसेल तर वाटा विसरा.

मालक परीक्षेला बसले आणि नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा तेच. ऑफिसात फायली लावणारी त्यांची मुलगी सहज म्हणून बसली आणि पहिल्या फटक्यात पास! मालकांनी चारचौघांत तोंडभर कौतुक केलं. मग दार लावून नियमांचं पुस्तक भिरकावलं, ते नेमकं माझ्याच अंगावर पडलं.

आणि तो आला. नवा शिक्का. प्लास्टिकचा, पोटातच शाई असलेला. दाबला की नुसता 'टिक'! हा काय आवाज झाला? त्याच्यावर मुलीचं नाव, खाली नंबर. माझी जागा त्याला मिळाली आणि मी गेलो खणात, गंजक्या टाचण्यांच्या सोबतीला. फटीतून सगळं दिसायचं. खेळाडू आता मुलीला ताई म्हणत होते. ताई रोज संध्याकाळी त्या नव्या शिक्क्याला आठवणीने झाकण लावायची. मला कधी कोणी झाकण लावलं होतं?

एकदा ताईने जुनी फाईल काढली. "बाबा, इथे तुम्ही क्लबकडूनही घेतलेत आणि खेळाडूकडूनही. मग भांडत कोणासाठी होता?"

"तेव्हा असंच चालायचं," म्हणत मालक चष्मा पुसत बसले.

पुढे खांबला मोठ्या क्लबचं बोलावणं आलं. तीन टक्के म्हटले तरी ऑफिसचं वर्ष निघालं असतं. ताईने खांबशी करायच्या कराराचा कागद तयार केला आणि एका जखमी खेळाडूला बघायला निघाली. "बाबा, खांब आला की सही घ्या, शिक्का मारा आणि महासंघाला पाठवून द्या."

खांब आला, सही केली आणि म्हणाला, "काका, आता सगळं ताईच बघते ना? बरं झालं. फार हुशार आहे ती."

बरं झालं म्हणे! मालक कसनुसे हसले. तो गेल्यावर त्यांचा हात प्लास्टिकवाल्याकडे गेला, थांबला आणि त्यांनी खण उघडला. मला उचललं! ठप्प! इतका ठळक मी आयुष्यात उमटलो नव्हतो. मी ऐटीत त्या नव्याकडे बघितलं. बस आता टिकटिक करत!

"कागद पाठवलात ना?" ताईने विचारलं. "पाठवला," मालक म्हणाले. ताई विश्वासाने क्लबशी बोलणी करायला गेली आणि चांगला पगार ठरवून आली. खांबने तिथेही सही केली. दुसऱ्या दिवशी महासंघाचं उत्तर आलं. नंबर नाही, म्हणून नोंद नाही; बोलणी होऊन गेली, म्हणून आता नवा कागदही चालणार नाही. खांबचा क्लबशी करार पक्का, पण एजंटचा वाटा शून्य.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. कळताच खांब धावत आला. "चूक कोणाचीही होते, काका. मी रोख देतो ना. पूर्वीसारखे दहा टक्के. कोणाला कळतंय?"

मला वाटलं, घेतील.

"कळलं तर माझा परवाना जाईल," ताई हळूच म्हणाली.

मालक उठले. "नको. घरी ने ते." मग मुलीकडे न बघता म्हणाले, "आणि चूक नव्हती ती. कुठला शिक्का हातात आहे, मला माहीत होतं. तू पास झालीस ते मला बघवलं नाही गं."

आणि मी समजत होतो, त्यांनी मला प्रेमाने उचललं! प्रेम कसलं? ते जळत होते, माझ्यासारखेच. आमच्या दोघांच्या जळण्यात त्या पोरीची वर्षाची कमाई गेली. त्या ठळक ठशाची मला लाज वाटली.

ताईने महासंघाचं उत्तर फाईलला लावलं. मग तिने नियमांचं पुस्तक त्यांच्यापुढे आपटलं. "परीक्षेला दीड महिना आहे. रोज सकाळी दोन तास मी शिकवणार. आणि माझ्या शिक्क्याला हात लावायचा नाही."

हल्ली मी त्या पुस्तकावर असतो, पान उडू नये म्हणून. मालक वाचतात, चुकतात, ताई ओरडते. तो प्लास्टिकवाला अजून माझ्या जागेवर बसतो आणि खोटं कशाला बोलू, अजूनही माझ्या पोटात दुखतं. पण मालक, या वेळी पास व्हा. तुम्हालाही नंबर मिळेल, शिक्का लागेल. तेव्हा नवा घेऊ नका. मला त्या कारागिराकडे न्या, माझं रबर खरवडून काढा आणि नंबरवालं चिकटवा. दुखलं तर दुखू दे. फक्त मूठ माझी ठेवा.