पाहुण्यांसाठी उपसलेली विहीर

वळसंगच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की खडीची जुनी खाण लागते. दगड संपला तसा मालक मशीन उचलून निघून गेला, खड्डा तेवढा राहिला. मग कित्येक वर्षं रात्री-अपरात्री टँकर येऊन त्यात सोलापूरच्या कापड-रंगाईचं सांडपाणी ओतून जात राहिले. टँकर कुणाचे, हे कधी ठरलं नाही. ते बंद झाले तोवर खाणीतलं पाणी जमिनीखालून विहिरींत उतरलं होतं. सगळ्यात आधी ते उतरलं ईरम्माच्या विहिरीत, कारण तिची विहीर खाणीच्या खालच्या अंगाला. पाणी तांबूस, वर तेलकट साय. तुरटी फिरवून, उकळून वस्तीवरची माणसं ते पीत होती.

ईरम्माची सून श्रीदेवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी अक्कलकोटला गेली, ती जाताना सांगून गेली होती. भांडून नव्हे, पदर सावरत, खाली बघत. "अत्ती, पाणी सुधारलं की येते मी. ह्या पाण्यावर लेकराला न्हाय आणणार." सासूला ती कानडी चालीनं अत्ती म्हणायची. ईरम्मानं तेव्हा तिचं मनावर घेतलं नाही. मग नातू झाला. बसवेश नाव ठरलं, बारसं कुठं करायचं ते ठरेना.

त्याच सुमाराला सरकारनं ओसाड खाणी आणि त्यांनी नासवलेलं पाणी साफ करायला निधी काढला. खाण उपसणार, तळाला अस्तर घालणार, वस्तीला लांबून नळ आणणार. पण आधी पाहणी. सरपंच बिभीषण मोटरसायकल दारात उभी करूनच ओरडला, "काकू, पथक येतंय! खाण बगायला. जेवण तुमच्याकडं, तुमचंच घर जवळ हाय."

"किती माणसं?"

"पाच-सहा. एक मॅडम हाय, पुण्याची. पुरणपोळी करा, पर तूप हात राखून नगा वाढू, मागल्या बारीला पाव्हण्यांनी मला नावं ठिवली."

"तुला तूप वाढलं तरीबी नावं ठेवत्यात लोक," ईरम्मा म्हणाली, आणि बिभीषण हसत निघून गेला.

पाहुणे खाण बघायला येणार, असंच सगळ्यांच्या डोक्यात होतं. पण पाहुणे हातपाय धुणार ते विहिरीच्या पाण्यानं. ईरम्माच्या घरात विहिरीला गंगव्वा, म्हणजे गंगामाई, म्हणत. दिवाळीला तिची ओटी भरत, बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडली की तिचीच पूजा करत. परक्या माणसाला मळक्या लुगड्यातली आई दाखवायची, हे ईरम्माला पटेना. तिनं शेजारच्या निंगप्पाला हाताशी धरलं. मोटर लावून विहीर पार कोरडी केली. निंगप्पा आणि त्याचा भाऊ आत उतरले, गाळ काढला, कडा घासल्या, चुना मारला. गावाच्या वाट्याचे टंचाईचे पाण्याचे टँकर बिभीषणनं इकडं वळवले आणि विहिरीत सोडले. ब्लीचिंग पावडर टाकली. ईरम्मानं कठड्याला हळदकुंकू लावलं. बऱ्याच वर्षांनी विहिरीचा तळ दिसत होता.

पथक आलं. खाणीच्या काठावर उभं राहून त्यांनी फोटो घेतले, नाकाला रुमाल लावले. मॅडम तरुण होती, पायांत जाड बूट. ती खाणीवरून सरळ विहिरीकडं आली आणि पिशवीतून बाटल्या काढून दोर बांधायला लागली.

"हितलं पानी कशाला?" बिभीषणनं विचारलं.

"खाण वाईट आहे हे दिसतंच आहे," ती म्हणाली. "निधी पिण्याचं पाणी बिघडलंय तिथं आधी जातो. म्हणून नमुना विहिरीचा."

निंगप्पा पुढं झाला. "मॅडम, परवाच हितं टँकर..." तो बोलायला लागला तोच बिभीषणनं त्याचा दंड दाबला. टंचाईचे टँकर इकडं कुणी वळवले, हा प्रश्न पुढं येणार होता. ईरम्मानं ते पाहिलं. बोलायला तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात मॅडम बाटली उन्हात धरून म्हणाली, "मावशी, किती छान ठेवलीय हो विहीर. सगळ्या जिल्ह्यात अशी नाही बघितली."

ईरम्मा हसली. पदर डोक्यावरून नीट घेतला. "आमची गंगव्वा हाय ती," एवढंच म्हणाली, आणि पानं मांडायला आत गेली.

पाहुणे जेवून गेले. आठवडा उलटायच्या आत झऱ्यांनी विहीर पुन्हा भरली आणि पाणी तांबूस झालं.

निकाल बिभीषणच्या मोबाइलवर आला. पाणी पिण्यायोग्य. वस्ती यादीतून बाहेर. निधी माढ्याकडच्या एका खाणीला गेला. मुलगा विरेश सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला होता, त्याला हे सगळं फोनवरच कळलं. तो म्हणाला, "अव्वा, आजारी माणसाला डॉक्टरकडं न्यायच्या आधी कुणी पावडर लावतं का गं?"

तो तिला घेऊन पथकाच्या सोलापुरातल्या कार्यालयात गेला. ईरम्मानं घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, बाटली उजेडात धरून पाहिली आणि परत केली. लोकांनी आणलेला नमुना चालत नाही, म्हणाला.

"साहेब, ते पानी टँकरचं हुतं. आमी विहीर उपसली हुती."

"का उपसली?"

"तुमी येनार हुता की."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "मग त्याच दिवशी मॅडमला सांगायचं ना, मावशी. तुम्ही तिथंच होता ना?"

"व्हय."

"मग?"

विरेश तिच्याकडं बघत होता. बाईनं कौतुक केलं, ते ऐकायला गोड वाटलं, म्हणून गप बसले, हे तिला सांगता आलं नाही. ती बाटलीचं झाकण आवळत राहिली. आता पुढच्या फेरीत बघू, साहेब म्हणाला.

बारसं सोलापुरातच झालं, विरेशनं जोडबसवण्णा चौकाच्या मागं घेतलेल्या एका खोलीत. पाळणा भाड्याचा, स्वयंपाकाला जारचं पाणी. श्रीदेवीच्या माहेरच्या बायकांनी कानडीत पाळणा म्हटला. बायका गेल्यावर ईरम्मानं नातवाला मांडीवर घेतलं आणि सुनेला हळूच म्हणाली, "चार दिस घरी आन की गं त्याला. म्या परत उपसून घेते. निंगप्पा हाय, टँकर आनते..."

श्रीदेवी पाळण्याच्या दोऱ्या सोडत होती. तिनं आवाज चढवला नाही. "अत्ती, पाव्हणं एक दिस हात धुऊन जात्यात. ह्याला रोज प्यायचंय."

ईरम्मानं मान हलवली. पोराचं अंगडं नीट केलं आणि त्याला सुनेकडं परत दिलं.

"तू बी हितंच ऱ्हा, अव्वा," विरेश म्हणाला.

"दारातल्या म्हशीला कुटं आनू? ह्या खोलीत?"

संध्याकाळच्या गाडीनं ती परत आली. फाट्यावर बिभीषण मोटरसायकल घेऊन उभा होता. निकाल आला त्या दिवसापासून तो तिच्यासमोर यायचं टाळत होता, आज मुद्दाम थांबला होता.

"बसा काकू, सोडतो घरापतोर." ती मागं बसली. थोडं अंतर गेल्यावर तो मान न वळवता म्हणाला, "पुढल्या पाहणीला नाव दिलंय परत. ह्या बारीला विहिरीला हात लावू देत न्हाय कुनाला. पुढल्या साली हुतंय बगा."

"पुढल्या साली पोरगं चालाय लागंल," ईरम्मा म्हणाली.

"मग काय तर! अंगणात दुडूदुडू..."

"तितं, रं. त्या खोलीत."

बिभीषणनं गिअर बदलला. खाणीच्या वळणावर वास आला तशी तिनं सवयीनं पदर नाकाला लावला.