शकुचं कार्ड

"आता हे ठिपके जोडा," ट्रस्टच्या रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि पेन्सिल सुगंधाकडे सरकवली.

सुगंधाने पट्टी न घेताच रेघ ओढली. तिच्या वाकोल्याच्या बालवाडीतली मुलं घरी गेली होती. सतरंजीवर वजनाची कार्डं पसरली होती आणि छताच्या हुकाला वजनकाट्याची झोळी रिकामी लटकत होती.

"रेघ वर गेली की मूल वाढतंय. आडवी झाली की लक्ष ठेवायचं. खाली आली तर त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायचं, वाट बघायची नाही. एवढंच आहे बघा."

एवढंच होतं. दोन वर्षं सुगंधा दर महिन्याला मुलांना त्या झोळीत बसवत होती, आकडा रकान्यात लिहीत होती, आणि तिमाही संपली की सगळे आकडे उतरवून ट्रस्टला पाठवत होती. काटा ट्रस्टचा, कार्डं ट्रस्टची. आकड्यांच्या वरचा चौकटींचा तक्ता कशासाठी, हे तिने विचारलं नव्हतं.

"हे शिकवायला आधी यायला हवं होतं, बाई."

रत्नप्रभाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "पहिली दोन वर्षं सामान द्यायचं, मग मूल्यमापन, त्यात उणं दिसेल त्याचं प्रशिक्षण. असं ठरलं होतं. बालवाडी चालवणाऱ्या तुमच्या मंडळाचीही सही आहे त्यावर." मग चष्मा परत लावत म्हणाल्या, "आम्ही नुसते आकडेच मागत राहिलो."

सुगंधाने जुन्या गठ्ठ्यातून एक कार्ड ओढलं. अकरा किलो. साडेदहा. सव्वादहा. पावणेदहा. पुढचे रकाने कोरे.

"ही मुलगी येत नाही आता?"

"शकु. श्रावणात गेली. हगवण लागली, तीन दिवसांत आटोपलं."

रत्नप्रभाबाईंनी कार्ड हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवलं.

"जुन्या कार्डांवर रेघा ओढत बसू नका. बांधून ठेवा. अहवालात मी चांगलंच लिहिलंय. नोंदी नियमित, अक्षर सुवाच्य."

त्या गेल्या. सुगंधाने तळातलं कार्ड काढलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घडी घातली. शकुची आई मालन आज ते न्यायला येणार होती. लेकीचा फोटो कधी काढला नव्हता, नाव असलेला कागद तेवढाच.

मालन आली ती दारातूनच बोलत. गिरणीच्या संपापासून नवरा घरी बसलेला, पापड लाटून तीच घर चालवत होती.

"काय बाई, तुमचीच शाळा सुटली नाय अजून? या वयात अभ्यास?"

"ये. पाणी देऊ?"

"नको, निर्जळी उपास आहे. सोळा सोमवार परत धरलेत, पहिल्यापासून." तिने हाताला लागलेलं पीठ झटकलं. "मागच्या खेपेला आठव्या सोमवारी लाटता लाटता एक लाटी तोंडात टाकली ना. मनात काय नव्हतं हो, हातच गेला. पुढच्याच आठवड्यात शकु आजारी."

"एवढ्याशा लाटीसाठी देव मूल नेत नाही गं."

"मग कशासाठी नेलं?"

मालनने हे भांडून विचारलं नव्हतं. हात पुढे करून ती कार्डासाठी थांबली होती.

सुगंधाने पुडी तिच्या हातावर ठेवली. मालन वळली, चपलेत पाय घातला.

"मालन, थांब. आण ते इकडे. बस जरा."

सुगंधाने वर्तमानपत्र सोडलं, कार्ड सतरंजीवर सपाट केलं. प्रत्येक आकड्याच्या वर, चौकटी मोजून, तिने एकेक ठिपका दिला. चार ठिपके. मग पेन्सिल टेकवून ते सावकाश जोडले.

"हे काय?"

"शकुचं वजन. तुला वाचायला शिकवते. मीही आजच शिकले. रेघ वर गेली की मूल वाढतंय."

मालनने पिठाचं बोट पहिल्या ठिपक्यावर ठेवलं आणि रेघेवरून सरकवत नेलं. बोट खाली खाली गेलं. शेवटच्या ठिपक्यावर थांबलं.

"आणि खाली आली की?"

"त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायचं."

मालनने बोट उचललं नाही. ते पुन्हा मागे नेलं, पहिल्या ठिपक्यापर्यंत, आणि खालचे आकडे एकेक करून दाबत आली. एक महिना. दोन. तीन.

"हे सगळं तुम्हीच लिहिलंय ना, बाई?"

"मीच."