चौपन्न पायऱ्या आणि सोडलेली खुर्ची

प्रमोदिनीताई तो नवस बोलल्या माझ्यासमोर, आणि बोलल्या माझ्याच विरोधात.

"बाप्पा, हे स्वतःच्या पायांनी जिना चढून घरात येईपर्यंत मी खुर्चीवर बसणार नाही."

हात जोडलेले, डोळे मिटलेले आणि पदराचं टोक माझ्या हातात अडकलेलं. मी जिन्याखालची खुर्ची. तेव्हा माझ्या जिवाचं काय झालं असेल, तुम्हीच सांगा.

आधी ओळख करून देते. ठाण्यात कोपरीला आमची इमारत आहे. तीन मजले, चौपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. माझा जन्म कल्याणच्या एका सुताराकडचा, अंग सागवानी. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी पेशंटसाठी मला करवून घेतलं. पंचवीस वर्षं मी त्यांच्या टेबलाशेजारी राहिले. "आ करा", "श्वास घ्या", "पथ्य पाळलं का?" हे ऐकून ऐकून मला निम्मी डॉक्टरकी यायला लागली होती. पुढे डॉक्टर मुलाकडे बंगळूरला गेले आणि मला सोसायटीला देऊन गेले.

सोसायटीने मला जिन्याखाली, विजेच्या मीटरांशेजारी ठेवलं. वेत फाटला तेव्हा नायलॉनच्या पट्ट्या आल्या. तळमजल्यावर दामाजी राहतो. खाडीत त्याची स्वतःची होडी होती. त्याने होडीचा जुना दोर आणून माझ्या चारही पायांना बांधला आणि चार मुठी केल्या. चार माणसांनी चार मुठी धरायच्या की मी माणसासकट वर. तेव्हापासून मी या इमारतीची लिफ्ट झाले. फरक इतकाच की मला बटण नाही, मला हाका माराव्या लागतात.

माझ्या समोरच्या भिंतीवर गणपतीची फरशी आहे. खरं सांगायचं तर ती भक्तीपोटी लागली नाही. येणारे-जाणारे त्या कोपऱ्यात पान खाऊन थुंकायचे, म्हणून सेक्रेटरींनी लावली. पण देव तो देवच. थुंकणारे थांबले आणि नमस्कार करणारे सुरू झाले. त्यांतल्या पहिल्या प्रमोदिनीताई. संकष्टीला टिटवाळा, रोज येता-जाता ही फरशी. मीही रोज तिच्यासमोर बसून बसून थोडी देवभोळी झाले आहे.

माघी गणपती झाल्यावर चारच दिवसांनी हरिहरभाऊंना झटका आला. हरिहरभाऊ म्हणजे प्रमोदिनीताईंचे यजमान, राहणार तिसरा मजला, कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. डावा हात आणि डावा पाय एकदम गेला. मीच त्यांना खाली आणलं. मान कलंडलेली, आणि मागून ताई भाऊंच्या चपला हातात घेऊन, स्वतः अनवाणी. त्या चपलांचा भाऊंना आता उपयोग नाही हे कुणीच त्यांना सांगितलं नाही.

गाडी गेली. संध्याकाळी ताई दवाखान्यातून कपडे न्यायला आल्या, फरशीसमोर थांबल्या, आणि तो नवस बोलल्या.

मला पहिल्यांदा रागच आला. सोडायला जगात काय कमी आहे? वांगं आहे, चहा आहे, संध्याकाळची मालिका आहे. पण नंतर ताईंनी मंजुळाला, म्हणजे दामाजीच्या बायकोला, सगळा हिशोब सांगितला तेव्हा मला त्यांची अडचण कळली. वांगं सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला सुटलं होतं. चहा मुलाच्या, सलिलच्या बारावीला. मालिका सुनेच्या बाळंतपणाला. मंगळवारचा भात कशासाठी सोडला ते ताईंना आता आठवत नव्हतं, पण सोडलेला होता. घरभर शोधून सोडण्यासारखी एक खुर्चीच उरली होती.

ताई नवस मोडणाऱ्यांतल्या नाहीत, आणि पळवाट काढणाऱ्यांतल्याही नाहीत. सोफा हा खुर्चीचाच भाऊ, म्हणून सोफा बंद. स्टुलावर दोन दिवस विचार चालला, मग तेही बंद. बसमधली सीट ही खुर्चीच, म्हणून त्या उभ्या राहत. तरुण पोरं उठून जागा द्यायची, ताई नको म्हणायच्या, आणि पोरांना वाटायचं आजी रागावल्या. रिक्षा मात्र चालेल असं ठरलं. रिक्षातल्या बाकाला खुर्ची म्हणणं देवालाही पटणार नाही, असं मंजुळाचं मत पडलं.

दवाखान्यातून भाऊंना कल्याणच्या पुनर्वसन केंद्रात हलवलं. तिथे त्यांना उभं राहायला, चमचा धरायला, शर्टाची बटणं लावायला नव्याने शिकवत होते. ताई रोज सकाळी जायच्या, संध्याकाळी यायच्या. आल्या की जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकायच्या, मंजुळा भाजी निवडत बाहेर यायची, आणि मला केंद्राची बातमी मिळायची.

मंजुळा रोज मला पुढे सरकवायची. "बस गो वहिनी. हिला काय काटे आलेत?"

ताई हसून मान हलवायच्या. मी रिकामी. शेजारी पायरीवर बसलेली बाई आणि समोर रिकामी खुर्ची, येणारा-जाणारा मलाच काहीतरी झालंय अशा नजरेने बघायचा. एकाने तर हलवून पाहिलं, पाय मोडलाय का म्हणून.

केंद्रातही तोच प्रकार. पलंगाशेजारी नातेवाइकांसाठी खुर्ची, आणि ताई खाली चटईवर. दिवसभर जमिनीवर बसायचं आणि दर अर्ध्या तासाने भाऊंना काहीतरी द्यायला उठायचं. बासष्टाव्या वर्षी गुडघे किती साथ देणार? भाऊंचा पाय सुधारत गेला तसे ताईंचे गुडघे बिघडत गेले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट ऋजुता. एकदा त्या घाईने आल्या आणि चटईवरून उठू पाहणाऱ्या ताईंनाच हाताला धरून म्हणाल्या, "घाबरायचं नाही, वजन माझ्यावर टाका, चांगला पाय आधी." ताईंनी दोन पावलं टाकलीही. मग पलंगावरून भाऊ म्हणाले, "पेशंट इकडे आहे."

नवसाचं भाऊंना काहीच माहीत नव्हतं. ज्याच्यासाठी बोलायचं त्याला सांगायचं नाही, अशी ताईंची रीत. आणि भाऊंचा स्वभाव असा की विचारणार नाहीत. ते ऋजुताला खुशाल सांगायचे, "आमच्या हिला खालीच बरं वाटतं."

अडचण एकच होती. भाऊंना चालायला येत होतं, पण त्यांना चालायचं नव्हतं. केंद्रात सरावाचा जिना होता. वीस पायऱ्या झाल्या की ते "पुरे" म्हणायचे, आणि मग देवाचाही इलाज चालायचा नाही. साडेतीन महिने आयता चहा हातात मिळाल्यावर माणूस असा होतो, त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही.

घरी सोडायचा दिवस ठरला तो नेमका अमावास्येचा. ताईंनी काहीतरी सांगून एक दिवस पुढे ढकलला. काय सांगितलं ते त्यांनी मंजुळालाही सांगितलं नाही, म्हणजे खोटंच असणार.

त्या सकाळी दामाजीने माझे दोर ओढून पाहिले. चार माणसं तयार झाली. दामाजी, सलिल, पहिल्या मजल्यावरचा हितेश आणि त्याचा भाऊ. मला ओल्या फडक्याने पुसलं. मी मात्र मनातून फरशीकडे बघत होते आणि म्हणत होते, बाप्पा, आज यांना माझ्यावर बसवू नकोस. कुणी बसू नये म्हणून प्रार्थना करणारी खुर्ची माझ्या जातीत पहिलीच असेल.

गाडी आली. भाऊ उतरले. उजव्या हातात काठी, गाल थोडे आत गेलेले. जिन्याशी येऊन त्यांनी मला पाहिलं आणि चेहरा खुलला. "चला, उचला," म्हणाले.

ताई हळूच म्हणाल्या की जमतील तेवढ्या चढून बघा. भाऊंना ते पटेना. चार माणसं आहेत, खुर्ची आहे, मग हौस कसली, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सलिलने मोबाइलवर ऋजुताने पाठवलेला व्हिडिओ लावला. त्यात त्या म्हणत होत्या, "काका, चढताना चांगला पाय आधी, मग कमजोर. शब्द दिलाय तुम्ही, मी विचारणार आहे हं." बाईमाणसाला शब्द दिलेला, म्हणून भाऊ निघाले.

कठडा उजव्या हाताला होता, ही देवाचीच कृपा. पुढे भाऊ, एका बाजूला त्यांची काठी घेऊन सलिल, मागे मी रिकामी, दामाजी आणि हितेशच्या हातांत, मग मंजुळा आणि सगळ्यांत मागे ताई. पालखीच म्हणा, फक्त देव पालखीच्या पुढे चालत होता.

अठरा पायऱ्यांनंतर पहिला मजला. भाऊ माझ्यावर टेकले. हितेशच्या घरून लिंबू सरबत आलं. पुढच्या अठरांना वीस मिनिटं लागली. दुसऱ्या मजल्यावर दार उघडून लोकांनी चौकशी केली, कोणी बिस्किटं दिली, कोणी आपल्या मेव्हण्याच्या झटक्याची गोष्ट सांगितली आणि मेव्हणा दगावला हे शेवटी लक्षात आल्यावर गप्प झाले.

भाऊंनी एक बिस्कीट खाल्लं, एक खिशात टाकलं, माझ्या हातांवर हात ठेवले आणि निकाल दिला. "पुरे. उरलेलं उचलून न्या."

फक्त अठरा उरल्या होत्या. सलिलने विनवलं, दामाजीने चेष्टा केली. भाऊ हलेनात. मी त्यांचं वजन पेलत होते आणि मला कधी कोणी इतकं जड लागलं नव्हतं.

तेवढ्यात खालून ताईंचा आवाज आला. आवाज म्हणजे नुसतं "आई गं". त्या दुसऱ्या मजल्याच्या चार पायऱ्या अलीकडे खाली बसल्या होत्या. गुडघे धरले होते. सलिल धावला, मंजुळा धावली, दोघांनी ओढून पाहिलं. पाय सरळ होईनात.

भाऊंनी वाकून पाहिलं. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच, मला वाटतं, त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. काठी टेकून स्वतःहून उठले आणि म्हणाले, "हिला बसवा यात. आधी हिला वर न्या. मी थांबतो."

मला ताईंपाशी नेलं. ताईंनी माझा हात धरला, पण बसल्या नाहीत.

"मी नाही बसणार."

सगळ्यांना वाटलं दुखण्याने डोकं फिरलं. मंजुळाने कपाळाला हात लावला. मग ती वर भाऊंकडे वळली. "भाऊ, मना सांगू नको बोललेली ही, पन आता सांगते. तुमी तुमच्या पायानी घरात जाशाल तवा ही खुर्चीवर बसनार. नवस हाय तिचा. साडेतीन महिने भुईवर बसलीय ती."

 मेव्हण्याची गोष्ट सांगणारेसुद्धा दारातून पुढे आले.

 भाऊंनी इतकंच विचारलं, "म्हणजे तुला खाली बरं वाटत नव्हतं?"

"कुणाला बरं वाटेल?" ताई म्हणाल्या.

सलिल वर आला, भाऊंनी काठी त्याच्याकडे दिली आणि कठडा धरला. चांगला पाय वर, मग कमजोर. कोणी काही सांगितलं नाही. नवव्या पायरीला वळण होतं. तिथे डावा पाय थरथरायला लागला आणि सलिलने हात पुढे केला. भाऊंनी मानेनेच नको म्हटलं. आता नवसात कुणाचा हात चालेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. दहा, अकरा. खालून आम्हाला फक्त चांगल्या पायाचा टक् आणि मग घासत येणारी चप्पल ऐकू येत होती. ताई डोळे मिटून बसल्या होत्या. सोळाव्याला बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. दामाजीसारखा माणूस, पण त्याने माझा दोर इतका घट्ट धरला की करकरला.

मग टक्. परत टक्. दार उघडल्याचा आवाज. समोरच्या दारातली दक्षता म्हणत होती, थांबा काका, भाकरतुकडा ओवाळते. तिने ओवाळला, पाणी ओतलं, आणि वरून भाऊंचा आवाज आला. नेहमीचा हुकमी आवाज, पण चिरलेला.

"अगं, बस आता."

ताई माझ्यावर बसल्या. साडेतीन महिन्यांनी. सलिल खाली आला आणि चौघांनी उचललं. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, मी फार जड नाही ना? दामाजी म्हणाला, छे. दोघंही खोटं बोलले असं म्हणता येणार नाही, कारण ताई विचारत होत्या. पण दामाजी नक्की बोलला.

दारात भाऊ चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी दक्षताला सांगितलं, आता हिच्यावरूनही ओवाळ, हीसुद्धा दुखण्यातून घरी आलीये. पण भाकरीचा तुकडा तर टाकून झालेला आणि सकाळपासून बंद घरात दुसरी भाकरी कुठली? भाऊंनी खिशात हात घातला. बिस्कीट निघालं. तेच त्यांनी उजव्या हाताने ताईंवरून तीनदा ओवाळलं, उलट्या दिशेने, आणि जिन्यात फेकलं. पाणी पायांवर ओतायचं ते निम्मं दामाजीवर गेलं. ताई हसता हसता रडल्या, आणि भाऊ म्हणाले, शास्त्राला चुकलं असेल तर उद्या परत करतो.

सध्या माझं बरं चाललंय. रोज संध्याकाळी भाऊ जिन्याचा सराव करतात आणि ताई खाली माझ्यावर बसून पायऱ्या मोजतात. त्यांच्या गुडघ्यांना ऋजुताने वेगळे व्यायाम दिले आहेत. ते त्या करत नाहीत, त्यावरून भाऊ त्यांना बोलतात.

देवाने त्यांना चढवलं की बायकोच्या गुडघ्यांनी, ते मी सांगू शकत नाही. मी लाकूड आहे. पण वाचणाऱ्या बाई, वाचणाऱ्या दादा, तुमचं कोणी आजारातून उठून घरी यायचं असेल, तर तुम्हीही त्याच्यासाठी एखादी गोष्ट सोडा. लहानशी सोडा, झेपेल अशी सोडा. आणि बोललेलं शेजारणीच्या कानावर घालून ठेवा. देवाला सगळं कळतं हो, पण जिन्यात ते मोठ्याने सांगायला एक मंजुळा लागते.