लोटाभर आंबील

"घ्या नाना, वास घ्या," म्हणत जमादार भाईदासने मडक्यावरचं केळीचं पान उचललं आणि स्वतः मात्र लगबगीने मागे सरकला.

आधारनाना पुढे झाले. धोतराचा सोगा सावरून, डोळे मिटून त्यांनी नाक मडक्याच्या तोंडाशी नेलं. लगेच त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव उमटला. भाजीत पाल निघाल्यावर माणसाचं तोंड होतं, तसं नानांचं तोंड दारूच्या नुसत्या वासाने व्हायचं. पांझरेकाठच्या गावांमध्ये तो चेहरा प्रसिद्ध होता.

नाना ग्रामपंचायतीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते, पण त्यांची खरी कारकीर्द पंचाची. दारूबंदीवाल्यांचा छापा पडला की जीप आधी नानांच्या दारात थांबे. गळ्यात तुळशीची माळ; खोकल्याचं औषधसुद्धा त्यात दारू असते म्हणून घेत नसत. एकदा पायाला कोयता लागला, तेव्हा कंपाउंडर स्पिरिट लावायला आला, तर त्यालाच हाकलून दिलं आणि जखमेवर हळद दाबून घरी आले. धुळ्याच्या कोर्टात वकिलाने विचारलं होतं, "ती दारूच होती कशावरून?" नाना म्हणाले, "माले मळमळ व्हयनी." न्यायाधीशांनी ती मळमळ पुरावा म्हणून धरली. नमुना तपासून अहवाल यायला बैलपोळा उलटून जाई. तोवर खटला नानांच्या नाकावर उभा राही.

दुसरा पंच लीलाधर शिंपी. नाना जिथे सही करतील त्याच्या खाली तो सही करी. त्याला नाक होतं की नाही, हे कोणी कधी विचारलं नाही.

आज छापा झुंबरबाईच्या खोपटावर होता. नवरा गेल्यापासून ती केळीच्या बागेत राखणीला राही, आणि दुपारी घड उतरवणाऱ्या मजुरांना लोटाभर काहीतरी प्यायला देई. ते काहीतरी काय आहे, हे कोणीतरी धुळ्याला जाऊन सांगितलं होतं.

"सायब, आंबील शे हाई," झुंबरबाई म्हणाली. "मन्ही सासू करे तशी."

तिच्या सासूची, भागाबाईची, रीत अशी. ज्वारीला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, शिजवायचे, आणि मडकं बागेच्या सावलीत उघडं ठेवून द्यायचं. ना गूळ, ना नवसागर. हवेत जे काही तरंगत असेल ते येऊन त्यात पडे, आणि आपणहून कामाला लागे. ढवळायला बांबूचा एक दांडका होता. तो सासूच्या काळापासून धुतलेला नव्हता. धुतला तर आंबील फसफसत नाही, म्हणे. वळचणीला लटकणाऱ्या त्या दांडक्यावर काळपट खवले धरले होते आणि एक माशी तिथे कायमची राहायला आल्यासारखी बसली होती.

मडक्यातल्या पातळ राबडीवर सुरकुतलेली साय आली होती. तिच्यातून मधूनच बुडबुडा येई आणि ढेकर दिल्यासारखा फुटे. ओलं गोणपाट, बोकडाची दाढी, कुजकं केळं. नानांनी वास ओळखीत ओळखीत खोल ओढला. त्या सगळ्यांच्या मागे आणखी एक वास होता. तो नानांना माहीत होता. त्यांनी डोळे उघडले.

तो वास त्यांच्या घरात महिनाभर राहिला होता.

नानांच्या बायकोच्या, पार्वताबाईंच्या, पोटात गोळा झाला आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी "घरी न्या" म्हणून सांगितलं, तेव्हाची गोष्ट. पाणीसुद्धा ठरत नव्हतं. तेव्हा झुंबरबाई रोज पदराखाली झाकून पितळेचा लोटा आणी. "आंबील शे, नाना. चमच्याने पाजा." नाना तोंड फिरवून, एका हाताने नाक दाबून, दुसऱ्या हाताने पाजत. तेवढीच काय ती पोटात राही. पार्वताबाईंना झोप लागू लागली. गालांवर रंग आला. एका दुपारी तर त्यांनी जात्यावरची ओवी म्हटली, आणि उभ्या संसारात पहिल्यांदा नवऱ्याची थट्टा केली, "तुम्हनं नाक मोठं शे, पन काही कामनं नही." नानांनी ही सगळी मुक्ताईची कृपा समजून मुक्ताईनगरला जाऊन नारळ फोडला होता.

"मग काय नाना?" साहेबांनी पेन काढलं. साहेब तरुण होते, नाशिकहून नव्याने आलेले. "लिहू ना? उग्र, आंबट वासाचं रसायन?"

'हो' म्हटलं की झुंबरबाई जीपमध्ये बसणार. आणि गळ्यात माळ घालून मेलेल्या पार्वताबाईंना शेवटच्या दिवसांत दारू पाजली, ती नवऱ्याने, स्वतःच्या हाताने, हे जगजाहीर झालं नाही तरी नानांपुरतं पक्कं होणार.

झुंबरबाई खोपटाच्या दारात उभी होती. लोट्याचं नाव काढलं असतं तर नाना तिथेच जमिनीत गेले असते. तिने काढलं नाही. ती केळीकडे बघत होती.

"आंबील शे," नाना म्हणाले.

भाईदास दचकला. "नाना, सर्दी व्हयनी का तुमले?"

"आंबील शे म्हनस ना मी!"

साहेब हसले. "असं? मग घोटभर प्या. माळकऱ्याला आंबील चालते की."

नानांचा हात गळ्याकडे गेला. सगळे त्या हाताकडे बघू लागले. "नाना, पहिले माळ काढी ल्या," लीलाधर काळजीने कुजबुजला. पण माळ काढली की संपलं. आंबील प्यायला कोणी माळ काढत नाही. नानांचा हात खाली आला.

"लोटा आन व झुंबर. भरीसन."

तिने तोच पितळेचा लोटा भरून आणला.

पहिल्या घोटाला जिभेवर काहीच झालं नाही. मग सगळं एकदम झालं. शिळ्या चिंचेच्या पाण्यात जुनी चप्पल भिजत घालावी, तसा आंबटपणा. त्यावर कडवट चव. त्याखाली शेंबडासारखं बुळबुळीत काहीतरी, आणि त्यात भरड, जी दातांच्या फटी शोधत बसली. कान तापले. डोळ्यांना पाणी आलं. पोटाने पहिला घोट घशापर्यंत परत पाठवला, नानांनी तो पुन्हा खाली पाठवला. पण खरी अडचण चेहऱ्याची होती. आयुष्यभर कोर्टकचेऱ्यांत ज्याच्या जिवावर खटले जिंकले, तो चेहरा आता बाहेर यायला धडपडत होता. नानांनी गाल आतून चावून धरले.

पार्वता हेच प्यायची, त्यांच्या मनात आलं. आणि अजून एक चमचा मागायची.

त्यांनी लोटा पालथा होईपर्यंत प्यायला. मिशीला चिकटलेली भरड खांद्यावरच्या पंच्याने पुसली.

"मीठ कमी पडनं," ते झुंबरबाईला म्हणाले. "जिरं बी टाकत जाय."

साहेबांनी लीलाधरकडे बघितलं. "तुमचं काय?"

"नाना म्हंतस ते," लीलाधर म्हणाला.

साहेबांनी स्वतःच मडक्यात नाक घातलं, आणि रुमाल तोंडावर धरून केळीच्या ओळीत धावले. परत आले तेव्हा त्यांचं तोंड हुबेहूब नानांसारखं झालं होतं. पण ते तोंड सरकारी होतं, पंचाचं नव्हतं. नानांनी नाही म्हटल्यावर गावात सही करणारा दुसरा कोणी मिळणार नव्हता. साहेबांनी कागद गुंडाळले.

"यापुढे तुम्हाला त्रास देणार नाही, नाना," ते म्हणाले. जीप गेली.

लीलाधरही गेला. नाना केळीच्या सावलीत टेकले. बाग किंचित हलत होती, वारा नव्हता.

"तिले माहीत व्हतं का?" त्यांनी विचारलं.

झुंबरबाई लोटा घासत होती. "पहिल्याच दिनले वळखं तिनी. म्हने, नानास्ले नको सांगजो."

घरी आल्यावर नानांनी माळ काढली, पाण्याने धुतली आणि देव्हाऱ्याशेजारी पार्वताबाईंची माळ लटकत होती त्याच खुंटीला अडकवली. दातांत भरड अजून रुतली होती. त्यांनी चूळ भरायला तांब्या उचलला. थोडा वेळ तो हातात धरला, आणि तसाच खाली ठेवून दिला.